गळ्याखालचा पट्टा

९ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी रागावून घेते. तू बाबांना फोन करतेस, माझ्याशीही चार शब्द बोलतेस, आणि आई फोनजवळ आली की नेमकं तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं. एका चष्म्याच्या दुकानात इतकी गर्दी होत असेल तर मालकानं एव्हाना तुला भागीदार करून घ्यायला हवं होतं. तुझ्या आईला हे कळत नाही असं समजू नकोस. ती रिसीव्हर माझ्या हातात परत देते आणि म्हणते, "गिऱ्हाईक आलं असेल." तिचा चेहरा मी तुला लिहून दाखवू शकत नाही, माझा हात सुईचा आहे, लेखणीचा नाही. जन्मभर बग्ग्यांच्या गाद्या शिवल्या, तेव्हा अक्षर टाक्यांसारखं दिसलं तर हसू नकोस.

बातमी सरळ सांगते. खारीक घोडी विकायची नाही, असं तुझ्या आईनं ठरवलं आहे.

झालं, फाडलंस का पत्र? नसेल फाडलं तर पुढे वाच. तू जाताना काय बोललीस ते माझ्या पक्कं लक्षात आहे. "ती घोडी तबेल्यात आहे तोवर मी या घरात पाऊल टाकणार नाही." आणि मग उंबऱ्यातून वळून आईला म्हणालीस, "गळ्याखालचा पट्टा तू ढिला ठेवलास, म्हणून बाबांचा पाय गेला." तुझी आई तेव्हा बादली घेऊन उभी होती. बादली तिनं खाली ठेवली नाही. तू गेल्यावर तिनं घोड्यांना पाणी पाजलं.

त्या दिवसाचा हिशोब सगळ्यांनी सरळ मांडला, तूही मांडलास. माझा दादा तळ्याकाठची शेवटची फेरी संपवून आला, बग्गी अंगणात उभी केली. खारकेच्या डोक्यावरची मोहरकी निसटली. शहरात जाऊन विसरली असशील तर सांगते, लगाम काय, झापडं काय, सगळं त्या मोहरकीलाच असतं, आणि ती डोक्यावर धरून ठेवतो तो गळ्याखालचा पट्टा. झापडं गेली, घोडीला पाठीमागे एवढं मोठं चाक दिसलं, आणि ती उधळली. दादा फाटक आणि चाक यांच्या मधे सापडला. पट्टा ढिला असल्याशिवाय घोडं डोकं घासून मोहरकी काढू शकत नाही, आणि साज चढवायचं काम तुझ्या आईचं. म्हणजे चूक तुझ्या आईची. हिशोब संपला.

गेला आठवडाभर तो विटांच्या गाडीवाला खेपा घालतोय. "उधळलेली घोडी तुम्ही ठेवून काय करणार, मला द्या, मी सरळ करतो." तुझ्या आईनं त्याला विचारलं, "कशानं सरळ करणार?" त्यानं खिशातून काटेरी लगाम काढून दाखवला, अगदी नातवाचा फोटो दाखवावा तसा. वहिनीनं त्याला चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवलं. मग मला म्हणाली, "वन्सं, घाबरलेल्या जनावराला दुखवून चालवलं तर ते कधीतरी कुणाचा जीव घेईल. तिला आपल्याच दाराशी धड करायची. साज सगळा नवा, एकेक वस्तू पारखून. शिवायचा तुम्ही."

मार्च संपता संपता बग्गीचा परवाना देणाऱ्या, घोड्यांच्या डॉक्टरीणबाई येतील, साज तपासतील आणि खारकेला रस्त्यावर चालवून बघतील. पास झाली तर बग्गी ओढेल, नाही तर विटा. तोवर म्हाताऱ्या घोड्यावर आमचं भागतंय.

तुझी अट मला ठाऊक आहे, तुझ्या आईलाही ठाऊक आहे. घोडी ठेवली तर तू येणार नाहीस. तरी तिनं हे ठरवलं. का, ते मी आज सांगू शकत नाही. खुशाल राहा, जेवत जा.

आत्या


२७ जानेवारी

भिंगरे,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं.

काल आम्ही दोघी साजाच्या दुकानात गेलो. दुकानदार तुला आठवत असेल, तोच, बोलताना डोळे मिटणारा. त्यानं डोळे मिटून एक लगाम काढला. दोन्ही बाजूंना वीतभर दांड्या, हनुवटीखाली साखळी. म्हणाला, "बाई, याच्यानं हत्तीसुद्धा जागच्या जागी उभा राहील."

"मला उभा हत्ती नको," तुझी आई म्हणाली, "चालणारी घोडी हवीय."

मग तिनं काय करावं? स्टुलावर बसली, पाय पुढे केला, नडगीवर ते लोखंड टेकवलं, साखळी मागून अडकवली आणि मला म्हणाली, "वन्सं, ओढा." भर दुकानात! मी म्हटलं, "वहिनी, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" तर म्हणे, "डोक्याचं नंतर बघू, आधी पायाचं बघू." मी ओढलं, तेही हलकंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नडगीवर लाल वळ उठला. तिनं तो वळ दुकानदाराला दाखवला. "ही नडगी आहे. घोड्याच्या जिभेखाली काय होत असेल?"

तो डोळे उघडून म्हणाला, "दुखल्याशिवाय जनावर थांबत नाही."

"दुखलं की जनावर पळतं," ती म्हणाली. "तुम्हाला चटका बसला तर तुम्ही थांबता का? थांबणं हे शिकवावं लागतं, आणि शिकवायला तोंड शाबूत लागतं."

शेवटी घेतलं ते तोंडातलं कडियाळं जाड आहे, गुळगुळीत, मधे किंचित बाक दिलेलं. टोकांना बोट फिरवून बघितलं, कुठे खरखर नाही. रुंदीसाठी तिनं घरून सुतळी आणली होती, खारकेच्या तोंडात आडवी धरून दोन्हीकडे गाठी मारलेली. अरुंद असलं तर गाल चिमटतो, रुंद असलं तर तोंडात इकडून तिकडे सरकतं. दुकानदार सुतळी बघून हसला, पण माप चोख निघालं आणि त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

खरी गंमत पुढे झाली. तबेल्यात बांधायची साधी मोहरकी घ्यायची होती. त्यानं नायलॉनची पुढे केली. "मरेपर्यंत तुटणार नाही."

"तुटलीच पाहिजे," तुझी आई म्हणाली.

मग लगामाची दोरी दाखवली. तीही हौसेनं ताणून दाखवत म्हणाला, "ही बघा, ताण पडला की सुटेल."

"ही तुटता कामा नये."

बिचारा माझ्याकडे बघायला लागला, जणू मी दुभाषी. मीच समजावलं त्याला. बांधलेलं घोडं कुठे अडकून पडलं तर मान मोडण्यापेक्षा चामडं तुटलेलं बरं. पण बग्गी धावत असताना हातातली दोरी तुटली तर सगळंच संपलं. कुठे सोडायचं आणि कुठे धरायचं, एवढा सगळा प्रश्न. मी हे अशा थाटात सांगितलं की जणू मलाच सुचलं होतं. तुझी आई मागे उभी राहून कातड्याला वाकवून भेगा बघत होती, तिनं मला मोठेपणा घेऊ दिला.

दादा बरा आहे. काठी लागतेच. त्या पायात अधूपणा राहिला तो राहिलाच. अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सूचना देतो, त्यात कबुतरंसुद्धा आली.

आत्या


१६ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं कार्ड आलं. "घोडी विकली का?" एवढे तीन शब्द लिहायला तुला इतके दिवस लागले, तर चष्म्याचे नंबर कशी गं लिहितेस?

नाही विकली.

तू लोकांच्या डोळ्यांना काचा लावतेस, तुझी आई घोडीच्या डोळ्यांना झापडं लावते. दोघींचं काम म्हटलं तर एकच, कुणाला काय दिसावं ते ठरवायचं. पण तू कधी दुसऱ्याचा चष्मा घालून दिवसभर हिंडलीस का? तुझी आई हिंडली. परवा तिनं जुनी झापडं नाडीनं स्वतःच्या कपाळाला बांधली, हातात दोन दोऱ्या घेतल्या, त्यांची टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ती ढकलगाडी घेऊन माझ्या मागे चाला. जोरात वाजवा." मी अंगणभर तिला हाकत होते. शेजारीण गच्चीवर कपडे वाळत घालत होती. कपडे वाळून कडक झाले तरी ती तिथून हलली नाही.

दादा खुर्चीवरून ओरडला, "अगं, तुला गवत टाकू का आता?"

"टाका," तुझी आई म्हणाली, "पण डाव्या बाजूनं टाका. उजवीकडचं मला सगळं दिसतंय."

आणि तेच खरं होतं. उजवं झापड खालच्या कडेला बाहेर वाकलेलं होतं. त्या फटीतून चाकाचे आरे लुकलुकताना दिसत, आणि तेही धड दिसत नसत. ती म्हणाली, "वन्सं, काहीच दिसलं नाही तर भीती वाटत नाही. सगळं दिसलं तरी नाही वाटत. हे असं अर्धंमुर्धं दिसतं ना, त्याची वाटते." नवी झापडं मी आतून पत्रा घालून कडक शिवली आहेत. डोळा बरोबर मधोमध येतो, पापणीला काही लागत नाही. खारकेनं घालून घेतली आणि जांभई दिली. याहून मोठं प्रशस्तिपत्रक घोडं देत नाही.

बाकीच्या शिवणावरून मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं, मशीनवर मारते, दोन दिवसांत मोकळी. ती म्हणाली, "मशीनचा एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. दोन सुयांचा हातटाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात." मी भडकले. हे मीच तिला शिकवलेलं, ती या घरात नवी नवी आली तेव्हा, आणि आता माझंच मला ऐकवतेय! रागारागानं मेणाचा दोरा घेतला आणि हातानं शिवायला बसले. बोटांची चाळण झाली आहे. पण ते टाके बघून मलाच माझं कौतुक वाटतं, तिनं तर एकेका पट्ट्यावर अंगठा फिरवून बघितला आणि माझ्यासमोर चहा आणून ठेवला. तिचं कौतुक करणं एवढंच असतं.

गळ्याखालच्या नव्या पट्ट्याला नमुना हवा म्हणून तो जुना पट्टा पेटीतून काढला. हो, तोच. माप घेतलं. त्याचं भोक फाटलेलं नाही, बकल वाकलेलं नाही, कातडं कुठे ताणलेलं नाही. तू चष्म्याच्या काचेवरचा ओरखडा बघून सांगतेस ना, हा पडला की घासला? मला कातड्यातलं तेवढं कळतं.

यापुढे त्या पट्ट्याबद्दल मी लिहिणार नाही. मला शपथ आहे.

आत्या


८ मार्च

भिंगरे,

शपथ कसली, असं तू फोनवर विचारलंस. मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय. कसं वाटलं?

रागावू नकोस. इथलं सांगते. खारकेला आता बग्गीला जुंपतोय. एकदम नाही. आधी तुझी आई लांब दोऱ्या घेऊन नुसतीच तिच्या मागे चालायची, तळ्याला वळसा घालून. मग टायर ओढायला लावला. मग टायरमागे डबे बांधायचे होते, पण पहिल्यांदा ते मला ओढावे लागले, कारण घोडीनं आधी दुरून ऐकायला हवेत. माझ्या वयाच्या बाईनं डबे वाजवत रस्त्यानं जावं, हे तुझ्या आईला काहीच वाटत नाही. जो विचारेल त्याला ती शांतपणे सांगते, "वन्सं मदत करतायत."

बग्गीला जुंपलं त्या दिवशी ती मोठ्यानं म्हणाली, "डोकं आधी, गाडी नंतर." सोडताना म्हणाली, "गाडी आधी, डोकं शेवटी." आता रोज म्हणते, जुंपताना आणि सोडताना. बग्गी जोडलेली असताना मोहरकीला कुणी हात लावायचा नाही. घाम येवो, खाज सुटो, जग बुडो. घोड्याच्या अंगावर गाडी आहे तोवर डोक्यावर मोहरकी आहे. हे मला माहीत आहे, दादाला माहीत आहे, तुला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. मग मोठ्यानं कशाला? विचारलं तर म्हणते, "माझ्यासाठी म्हणते."

दादा खुर्चीवरून सगळ्यात नाक खुपसतो. पोटाखालचा तंग आवळ, दांड्या वर घे, चाकाला तेल घाल. फक्त "डोकं शेवटी" हे वाक्य आलं की गप्प होतो.

काल खारीक फेरीवरून घामेजून आली. दादा काठी टेकत तिच्याजवळ गेला. तिनं डोकं त्याच्या खांद्याला घासायला सुरुवात केली. कशी लाडात येते ती, तुला माहीत आहे. त्यानं एक बोट पट्ट्याखाली घालून तिला खाजवलं. मग बोट तिथेच राहिलं. तुझी आई दुसऱ्या बाजूला उभी होती. बग्गीची कडी सोडायची तिनं इतकी घाई केली की तिचं नख उलटलं. दादा आत गेला. जेवला नाही. पोटात बरं नाही म्हणाला.

पुलावरच्या उताराचं सांगायचं राहिलं. चढावर घोडं ओढतं, उतारावर त्याला बग्गी मागे रेटून धरावी लागते. त्यासाठी मांड्यांमागून आडवा पट्टा असतो, त्यावर घोडं जवळजवळ बसतं. पहिल्या दिवशी तो जरा सैल राहिला. बग्गी पुढे सरकली, दांडीचा आडवा भाग खारकेच्या मागच्या पायांना लागला आणि तिनं दोन्ही पाय उचलले. पुठ्ठ्यावरून लाथेचा पट्टा घेतला होता म्हणून लाथ वर गेलीच नाही. मी बग्गीत वजन म्हणून बसले होते. मी जी किंचाळले, की पुलाखालचे कोळी होडीत उभे राहिले.

तुझ्या आईनं बग्गी थांबवली, उतरली, पट्टा एक भोक आत घेतला, आपला पंजा आडवा घालून बघितला. पंजा जाईल एवढीच जागा हवी. मग वर चढून मला म्हणाली, "उद्यापासून पोतं ठेवू का वन्सं? पोतं ओरडत नाही."

मी उतरले नाही. भीती वाटत होती, तरी उतरले नाही. तिच्या शेजारी बसलं की, काय सांगू, माणसाला वाटतं आपणही हिमतीचे आहोत. मी आयुष्यात पुष्कळ बग्गीवाले बघितले, आपल्या बापासकट. चाबूक उडवणारे, शीळ घालणारे, दोन्ही हात सोडून पोरींकडे बघणारे. तिच्यासारखा एक नाही बघितला. तिच्या हातात लगाम असतो तेव्हा दुरून वाटतं, हिनं काही धरलेलंच नाही.

आत्या


३० मार्च

भिंगरे,

माझी शपथ सुटली. आता सगळं सांगते, आणि तू दुकानात असशील तर आधी मागच्या खोलीत जाऊन बस.

काल परवान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण आहेत, कडक आहेत, जनावराशी बोलतात आणि माणसांशी बोलायचं टाळतात. त्यांनी साज असा तपासला की मला माझ्या शाळेतल्या बाई आठवल्या. कडियाळ्याच्या टोकांना बोट लावलं. झापडांतून स्वतः वाकून बघितलं. माझा एक टाका नखानं ओढून बघितला, तो हलला नाही, मी मनात नाचले. बांधायची गाठ ओढली, ती एका झटक्यात सुटली. आणि सगळे रस्त्याला लागले. पुढे तुझी आई आणि डॉक्टरीणबाई, मागे वजन म्हणून मी. दादा फाटकाशी उभा.

पूल चढलो. उतार लागला आणि समोरून पत्र्यांचा ट्रक आला. वरचा एक पत्रा सुटला, रस्त्यावर आडवा आदळला, आणि आमच्याच दिशेनं घसरत आला. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. खारकेनं उडीच मारली. बग्गी मागून लोटत होती, समोर पत्रा, एका बाजूला कठडा. मी डोळे मिटले. किंचाळले नाही, हे आवर्जून लिहिते.

तुझ्या आईचा आवाज ऐकू आला. "हो. हो, बाई. हो." तू तापात असताना तुझ्या उशाशी बसून बोलायची तोच आवाज. डोळे उघडले तर खारीक उभी होती. मागच्या पट्ट्यावर रेटून, अंगभर थरथरत, पण उभी. तुझ्या आईच्या हातातल्या दोऱ्या ताणलेल्यासुद्धा नव्हत्या. तिनं घोडीला श्वास घेऊ दिला आणि पत्र्याला वळसा घालून, चालवत, अंगणात आणली.  डॉक्टरीणबाईंनी मागे हात करून माझा गुडघा घट्ट धरला होता, तो घराशी आल्यावर सोडला.

अंगणात त्या म्हणाल्या, "साज उत्तम. घोडीबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या अपघाताचं लिहायला हवं. मोहरकी निसटली ती पट्टा ढिला होता म्हणून, असं तुमच्याकडे सगळे म्हणतात. साज तेव्हाही तुम्हीच चढवला होता. पुन्हा असं होणार नाही हे मी कशावरून धरू? ढिलाई कुणाची होती?"

"माझी," तुझी आई म्हणाली.

भिंगरे, ती क्षणभरही थांबली नाही. ते कागदावर गेलं की घोडी विटांच्या गाडीला जाणार, हे तिला दिसत होतं. इतके दिवस तिनं त्या घोडीसाठी रक्त आटवलं. घोडीसाठी पोटची पोर तोडून घेतली. आणि तरी म्हणाली, "माझी."

"बाई, लिहू नका ते."

दादा. काठी टेकत येत होता, आणि अर्ध्यात त्याची काठी पडली. त्यानं ती उचलली नाही. बग्गीच्या दांडीला धरून उभा राहिला.

"मोहरकी मी काढली होती," तो म्हणाला. "गाडी जुंपलेली असताना. घोडी दमली होती, घामानं निथळत होती, माझ्या खांद्याला डोकं घासत होती. म्हटलं, जरा मोकळं करू बिचारीला, मग गाडी सोडू. जन्म या धंद्यात गेला माझा. शिकाऊ पोरगंही करणार नाही ते मी केलं." मग तो डॉक्टरीणबाईंकडे बघेना, तुझ्या आईकडे बघायला लागला. "पट्टा ढिला नव्हता. ते बकल सोडायला मला दोन्ही हात लावावे लागले."

मला वाटलं वहिनी रडेल. ती इतकी चिडली, की मी तिला तशी कधी बघितली नव्हती. "तुम्हाला कुणी विचारलं होतं? मी बोलत होते ना!" म्हणाली, आणि घोडीकडे वळली. बग्गी सोडली. मग मोहरकी काढली. मग खारकेच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली, आणि घोडीही शहाण्यासारखी उभी राहिली. दादाची काठी डॉक्टरीणबाईंनी उचलून दिली.

परवाना मिळाला, तुझ्या आईच्या नावावर. डॉक्टरीणबाई जाताना तुझ्या आईला वाकून नमस्कार करायला गेल्या. तिनं त्यांना अर्ध्यातच धरलं आणि चहाचं विचारलं.

आता शपथेचं. अपघात झाला त्या दिवशी दवाखान्यात जायच्या आधी तो पट्टा मी अंगणातून उचलला होता. बकल सरळ सोडलेलं होतं, ते मला तेव्हाच दिसलं, आणि तिलाही. दवाखान्याच्या जिन्यात मी तिला म्हटलं, वहिनी, हे दादानं काढलंय. तिनं पट्टा माझ्या हातातून घेतला, गुंडाळला, परत माझ्या पिशवीत घातला. म्हणाली, "त्यांचा पाय मोडलाय वन्सं. आता मान खाली घालायला लावू? घोडं हेच त्यांचं सगळं आहे. माझं काय, मी बाई माणूस, माझी चूक झाली म्हटलं तर कुणाला नवल वाटणार नाही." आणि मला तुझी शपथ घातली. तुझी, भिंगरे. मग तू आलीस आणि उंबऱ्यातून ते बोललीस. तिनं ऐकून घेतलं. सगळ्यांचंच घेत होती, पण तुझं ऐकून घेणं वेगळं होतं, एवढं मी त्याच घरात राहून बघितलं आहे.

दादानं इतके दिवस का घेतले, ते त्याला विचार. मी विचारणार नाही. माझा भाऊ आहे, आणि काल पडलेली काठी न उचलता उभा राहिला तेव्हा मला तो फार आवडला.

आज संध्याकाळी तुझी आई पडवीत बसून साजाला तेल लावत होती. मी विचारलं, "मी भिंगरीला लिहू ना सगळं?" हातातल्या पट्ट्यात तिनं तेल जिरवलं. मग म्हणाली, "लिहा. पण बाबांना बोल लावू नकोस म्हणावं. दमलेल्या जनावराची दया आली त्यांना, दुसरं काही नाही. आणि तिला ये म्हणू नका. यायचं तर तिचं तिनं ठरवू दे."

मी म्हटलं, बरं. कागद घेऊन आत आले, लिहायला बसले. ती तेलाचे हात पुसत दारापर्यंत आली, उगाच उभी राहिली, परत गेली. पुन्हा आली. मी मान वर केली नाही, केली असती तर ती काहीच बोलली नसती.

"वन्सं," ती म्हणाली, "एवढं एक लिहा तिला. पट्टा मी नीट लावला होता."

लिहिलं.

आत्या